एमसीसीबी कोणता घ्यायचा? आधी ट्रान्सफॉर्मर आणि केबलला विचारा

तुमचा प्रश्न एमसीसीबीचा, म्हणजे ओव्हरलोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की सप्लाय तोडणाऱ्या मोठ्या सर्किट ब्रेकरचा. थोडक्यात तो असा. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीन शॉप आहे. ५०० केव्हीएचा ११ केव्ही/४३३ व्होल्ट ट्रान्सफॉर्मर, नेमप्लेटवर इम्पीडन्स (करंटला होणारा त्याचा आतला अडथळा) ४.५ टक्के. मुख्य पॅनेलपासून ६० मीटरवर नवी शेड आणि तिथे नवं पॅनेल. मधली केबल ३.५ कोअर २४० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम, एक्सएलपीई इन्सुलेशनची. लोड असा: ७५ किलोवॅटचा स्क्रू कंप्रेसर १३० अँपिअर, सीएनसी-व्हीएमसी (संगणकाने चालणाऱ्या मशीन) मिळून डायव्हर्सिटी धरून (सगळ्या एकदम पूर्ण लोडवर नसतात म्हणून) ९०, क्रेन आणि दिवे १५, म्हणजे एकूण २३५. पॅनेलवाला म्हणतो २५० अँपिअर, २५ केए (किती हजार अँपिअरचा शॉर्ट सर्किट करंट ब्रेकर तोडू शकतो तो आकडा), थर्मल मॅग्नेटिक (ओव्हरलोडला तापणाऱ्या पट्टीने, शॉर्टला चुंबकाने सुटणारा) घ्या. सल्लागार म्हणतात सगळीकडे ५० केए घ्या. शिवाय कंप्रेसरचा सध्याचा १६० चा एमसीसीबी स्टारमधून डेल्टात जाताना (म्हणजे मोटर सुरू करायच्या कमी करंटच्या जोडणीतून नेहमीच्या जोडणीत जाताना) मधूनच ट्रिप होतो, म्हणून तो २०० चा करावा का, हेही विचारलंय.

माझ्या मते दोघांचंही ऐकू नका. मुख्य पॅनेलमधला या शेडचा फिडर (तिकडे जाणाऱ्या केबलचा ब्रेकर) ४०० च्या फ्रेमचा (म्हणजे बॉडी कमाल ४०० अँपिअरची), ३६ केए, मायक्रोप्रोसेसर ट्रिपचा (करंट इलेक्ट्रॉनिक्सने मोजून सुटणारा) घ्या आणि ३०० वर सेट करा. नव्या पॅनेलमध्ये २५ केए भरपूर झालं. कंप्रेसरचा ब्रेकर बदलूच नका, त्याची मॅग्नेटिक सेटिंग बदला. आणि शेडच्या टोकाला ९० मीटरवर १६ स्क्वेअर एमएमने जी मशीन जोडणार आहात तिची केबल मात्र बदला. तो मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या सिंगल लाइन डायग्राममध्ये (जोडणीच्या आराखड्यात) मला सगळ्यात जास्त तोच खटकला.

आता कारणं.

सुरुवात अँपिअरपासून करू नका, केएपासून करा. ट्रान्सफॉर्मरचा फुल लोड करंट ५०० केव्हीएला ४३३ व्होल्टवर ६६७ अँपिअर. त्याला ०.०४५ ने भागलं की सेकंडरीच्या टर्मिनलवरचा शॉर्ट सर्किट करंट मिळतो: १४.८ केए. यात ११ केव्हीची बाजू अमर्याद ताकदीची धरली आहे, त्यामुळे खरा आकडा थोडा कमीच निघेल. उलट चालू मोटरी फॉल्टच्या (शॉर्ट सर्किटच्या) पहिल्या काही सायकलमध्ये आपल्या फुल लोड करंटच्या चार-पाच पट करंट फॉल्टमध्ये ओततात. तुमच्याकडे एका वेळी ३०० अँपिअरच्या मोटरी चालत असतील तर त्याचे १.२ ते १.५ केए. म्हणजे मुख्य बसबारवर (पॅनेलमधल्या मुख्य पट्ट्यांवर) जास्तीत जास्त १६ केएच्या आसपास. मग ५० केए कुठून आले? बहुतेक वेळा ते आधीच्या कुठल्या तरी मोठ्या प्रकल्पाच्या स्पेसिफिकेशनमधून उचललेले असतात.

पण २५ वर थांबा असंही मी म्हणणार नाही. लोड वाढतोय असं तुम्हीच लिहिलंय. उद्या १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पीडन्सचा, आला तर फुल लोड १३३३ आणि फॉल्ट २६.७ केए. वर मोटरींचा वाटा. त्या दिवशी मुख्य पॅनेलमधले २५ केएचे सगळे ब्रेकर कमी पडतील. ट्रान्सफॉर्मर बदलताना कुणी जुन्या पॅनेलच्या केएकडे बघत नाही, फक्त इनकमर (पॅनेलचा मुख्य आवक ब्रेकर) मोठा करतात. म्हणून मुख्य पॅनेलला ३६. तसंही ४०० च्या फ्रेममध्ये बऱ्याच मालिका ३६ पासूनच सुरू होतात, त्यामुळे जास्तीचा खर्च जवळपास नाहीच.

६० मीटर केबलनंतर चित्र बदलतं. २४० अ‍ॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स किलोमीटरला ०.१२५ ओहम, म्हणजे ६० मीटरला साडेसात मिलिओहम. रिअ‍ॅक्टन्स चार-साडेचार मिलिओहम. ट्रान्सफॉर्मरचे स्वतःचे सुमारे १७. बेरीज साधी करायची नाही, रेझिस्टन्स वेगळा आणि रिअ‍ॅक्टन्स वेगळा मिळवून मग वर्गमूळ घ्यायचं. ते केलं की नव्या पॅनेलवर सुमारे १०.५ केए येतात. ट्रान्सफॉर्मर १००० चा झाला तरी तिथे १५ च्या आसपासच राहतील. म्हणून तिथे २५ पुरे. सगळीकडे ५० केए लावण्याऐवजी तेच पैसे केबलवर घाला.

केए वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. एक म्हणजे व्होल्टेज. एकाच ब्रेकरचा आकडा २४० व्होल्टला मोठा, ४१५ ला लहान आणि ६९० ला खूपच लहान असतो. स्वस्त मालाच्या जाहिरातीत बहुधा मोठाच आकडा ठळक असतो. लेबलवर ४१५ व्होल्टच्या ओळीसमोर काय छापलंय तेवढंच बघा. दुसरं म्हणजे आयसीयू (ब्रेकर जास्तीत जास्त तोडू शकतो तो करंट) आणि आयसीएस (जो तोडून तो पुढेही कामाला येतो). ब्रेकरच्या मानकात, म्हणजे आयएस/आयईसी ६०९४७ भाग २ मध्ये, आयसीयूच्या चाचणीत ब्रेकर फॉल्ट एकदा तोडतो, मग फॉल्टवरच बंद होऊन पुन्हा एकदा तोडतो. त्यानंतर त्याने रोजचा करंट वाहावा अशी अपेक्षा नसते. आयसीएसच्या चाचणीत तीन वेळा तोडून पुढेही कामाला लागण्याइतका शाबूत राहावा लागतो. आयसीएस हा आयसीयूच्या २५, ५०, ७५ किंवा १०० टक्के असू शकतो. ज्या कारखान्यात ब्रेकर ट्रिप झाला की वायरमन दहा मिनिटांत तो परत वर करतो, आणि आपल्याकडे सगळीकडे तेच होतं, तिथे आयसीएस १०० टक्केच घ्यावा. २५ केए आणि ५० टक्के आयसीएस म्हणजे साडेबारा. तुमच्या मुख्य बसबारच्या १६ पुढे तो कमी पडतो.

आता अँपिअर. २३५ च्या लोडला २५० हे कागदावर बरोबर दिसतं. पण थर्मल मॅग्नेटिक ब्रेकरचं कॅलिब्रेशन बहुतेक ठिकाणी ४० अंशांना केलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली, आयपी ५४ च्या (धूळ-पाणी रोखणाऱ्या) बंद पॅनेलमध्ये आत ५० ते ५५ अंश सहज होतात. तिथे २५० चा ब्रेकर मेकनुसार २२५-२३० चाच उरतो. नेमका उत्पादकाचा डीरेटिंग तक्ता (तापमानानुसार घटणाऱ्या क्षमतेचा) मागवा, अंदाजावर जाऊ नका. मग दुपारी तीनला, कंप्रेसर पूर्ण लोडवर असताना, ब्रेकर ट्रिप होईल, आणि कुणीतरी पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावेल. हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

दुसऱ्या टोकाला केबल आहे. एमसीसीबी मुळात केबलचं रक्षण करतो, मशीनचं नाही. मशीनसाठी ओव्हरलोड रिले, ड्राइव्हमधलं प्रोटेक्शन, इन्व्हर्टरचा फ्यूज अशी वेगळी माणसं असतात. २४० एक्सएलपीईचा हवेतला करंट उत्पादकाच्या तक्त्यात ४०० च्या जवळपास दिसेल, पण एकाच ट्रेवर तीन-चार केबली अंगाला अंग लावून असतील तर ०.८ ने गुणा. उरले ३२०. म्हणजे लोड २३५, केबल ३२०, आणि सेटिंग या दोघांच्या मध्ये. ४०० च्या फ्रेमवर ०.७५ केलं की ३००. ब्रेकर १.०५ पटीला ट्रिप होता कामा नये आणि १.३० पटीला दोन तासांत व्हायलाच हवा (६३ अँपिअर आणि त्याखाली एका तासात), असं मानक सांगतं. म्हणजे ३०० वर सेट केलेला ब्रेकर ३८० अँपिअर तास-दीड तास वाहू देईल. म्हणून केबलच्या मर्यादेच्या अगदी काठावर सेटिंग ठेवू नये.

उष्णतेचा एक बारकावा. मायक्रोप्रोसेसर ट्रिप करंट सीटीने (करंट ट्रान्सफॉर्मरने) मोजतो, त्यामुळे पॅनेल तापलं म्हणून तो आधी ट्रिप होत नाही. याचा अर्थ ब्रेकरचे तांब्याचे भाग तापत नाहीत असा नाही. ४०० च्या फ्रेमला ३०० वर चालवतोय, तो आराम इथे कामी येतो.

मुख्य पॅनेलच्या फिडरला मायक्रोप्रोसेसर का, त्याचं खरं कारण मात्र उष्णता नाही, सिलेक्टिव्हिटी आहे, म्हणजे फॉल्टच्या सगळ्यात जवळचाच ब्रेकर उडणं. समजा नव्या शेडमध्ये ६३ च्या आउटगोइंगवर (मशीनकडे जाणाऱ्या ब्रेकरवर) ५ केएचा फॉल्ट झाला. वर थर्मल मॅग्नेटिक २५० असेल तर त्याची मॅग्नेटिक मर्यादा २५०० अँपिअर. ५००० अँपिअर दोघांनाही दिसतात आणि दोघंही उडू शकतात. एका मशीनच्या वायरसाठी अख्खी शेड अंधारात. मायक्रोप्रोसेसरमध्ये शॉर्ट टाइम डिले असतो, तो १०० मिलिसेकंद ठेवला की खालच्या ब्रेकरला काम उरकायला वेळ मिळतो. एका ठरावीक करंटच्या वर मात्र एमसीसीबी स्वतःच्या जिवासाठी डिले बाजूला ठेवून लगेच सुटतो, म्हणून दोन ब्रेकरची जोडी उत्पादकाच्या सिलेक्टिव्हिटी तक्त्यात तपासा. हा तक्ता एकाच मेकच्या जोड्यांचा असतो. वर एक कंपनी आणि खाली दुसरी असेल तर हातात फक्त आलेख उरतात, आणि शॉर्ट सर्किटच्या पहिल्या सायकलमध्ये आलेख फारसे काही सांगत नाहीत. बॅकअप किंवा कॅस्केडिंगचंही तेच: वरचा ब्रेकर करंट लिमिट करतो म्हणून खाली कमी केएचा चालतो, हे फक्त चाचणी केलेल्या जोडीलाच लागू.

नव्या पॅनेलच्या इनकमरवर पैसे वाचवता येतील. केबलचं रक्षण मुख्य पॅनेलमधला फिडर करतोच आहे. त्याच केबलच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा तसाच महागडा ट्रिप लावून काही मिळत नाही, उलट दोघांपैकी कोण आधी उडेल याचा नेम नाही. तिथे एमसीसीबीच्याच बांधणीचा, ट्रिपविना असलेला स्विच डिस्कनेक्टर चालतो. मात्र वरचा ब्रेकर त्याला सांभाळतो की नाही ते तक्त्यात पाहून घ्या. शेडमध्ये शंट ट्रिप (दुरून ब्रेकर पाडणारी कॉइल) आणि इमर्जन्सी स्टॉप हवा असेल तर मग एमसीसीबीच घ्या. आणि अंडरव्होल्टेज रिलीज (व्होल्टेज घसरलं की ब्रेकर पाडणारा भाग) घेताना दहा वेळा विचार करा. व्होल्टेज ७० ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान कधीही ते सुटतं. पावसाळ्यात ११ केव्हीच्या लाइनवर डिप येत राहतात, आणि मग प्रत्येक डिपला शेड बंद.

कंप्रेसरकडे येतो. फुल लोड १३०. स्टारमध्ये स्टार्टिंग करंट डायरेक्ट स्टार्टच्या एक तृतीयांश, म्हणजे सव्वादोन-अडीच पटीच्या आत. लोक तेवढंच धरतात आणि मॅग्नेटिक सेटिंग खाली ठेवतात. पण स्टार सुटून डेल्टा लागेपर्यंत मोटर क्षणभर सप्लायपासून तुटलेली असते. तिच्यात उरलेलं व्होल्टेज आणि लाइनचं व्होल्टेज जुळत नाही, आणि डेल्टा लागताच जो झटका बसतो तो १०-१२ पट किंवा त्याहून जास्त असू शकतो. प्रत्येक वेळी तो सारखा नसतो, म्हणूनच तुमचा ब्रेकर ‘मधूनच’ ट्रिप होतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मॅग्नेटिकचा डायल ५ वर दिसतोय: १६० गुणिले ५ म्हणजे ८०० अँपिअर, मोटरच्या सहा पट. तो १० वर न्या, १६०० होतील. आयई ३ (जास्त कार्यक्षमतेच्या) मोटरींचा स्टार्टिंग करंट जुन्या मोटरींपेक्षा जास्त असतो, त्यामुळे जुन्या सवयीच्या सेटिंगवर हा त्रास आता अधिक दिसतो. डायल वर नेऊनही ट्रिप होत राहिला तर स्टार कॉन्टॅक्टर सुटण्याचा टायमर तपासा. मोटर पूर्ण वेगाला येण्याआधीच डेल्टा लागत असेल तर दोष ब्रेकरचा नाही. २०० चा ब्रेकर घालायची गरज नाही, आणि केबल तीच ठेवून घालायचा तर मुळीच नाही. नवा स्टार्टर करताना ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले एकाच मेकच्या टाइप २ को-ऑर्डिनेशन तक्त्यातून उचला. त्यात फॉल्टनंतर कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट थोडेफार चिकटले तरी सोडवता येतात आणि स्टार्टर पुन्हा वापरता येतो. टाइप १ मध्ये तो बदलायची तयारी ठेवावी लागते.

पुढेमागे कंप्रेसरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावलात तर हा झटक्याचा प्रश्नच संपतो. फक्त ड्राइव्ह उत्पादक जो फ्यूज किंवा ब्रेकर सांगतो तोच इनपुटला लावा.

आता शेवटच्या मशीनचा मुद्दा. ६३ चा एमसीसीबी, ४ कोअर १६ स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम, ९० मीटर. करंटच्या हिशोबाने केबल पुरते. आपण आतापर्यंत मोठ्यात मोठा फॉल्ट मोजला. इथे लहानात लहान मोजायचा आहे. मशीनच्या टर्मिनलवर फेज आणि न्यूट्रल चिकटले तर किती करंट वाहील? १६ अ‍ॅल्युमिनियम किलोमीटरला १.९१ ओहम. जाऊन-येऊन १८० मीटर, आणि केबल गरम आहे म्हणून १.२ ने गुणा: ०.४१ ओहम. मागचा ट्रान्सफॉर्मर आणि मोठी केबल मिळून साधारण ०.०३५. एकूण ०.४४-०.४५. २४० व्होल्ट भागिले ते, म्हणजे ५४० अँपिअर. आणि ६३ च्या ब्रेकरची फिक्स मॅग्नेटिक मर्यादा दहा पट, ६३०. मानक त्यावर २० टक्के वर-खाली चालवून घेतं, म्हणजे ७५६ पर्यंतही जाऊ शकते.

थोडक्यात, डेड शॉर्ट होऊनही ब्रेकर त्याला शॉर्ट समजणारच नाही. ओव्हरलोड समजून बायमेटल तापण्याची वाट पाहील. त्यात कित्येक सेकंद जातात, आणि तेवढा वेळ त्या ठिकाणी ठिणग्या उडत राहतात. एमसीसीबी मोठा घेतला की सुरक्षित, ही समजूत इथे उलटी पडते. केबल २५ स्क्वेअर एमएमची केली तर रेझिस्टन्स १.२० वर येतो, करंट ८०० च्या पुढे जातो आणि ७५६ ची मर्यादा ओलांडली जाते. व्होल्टेज ड्रॉपही कमी होतो. केबल बदलणं शक्य नसेल तर मॅग्नेटिक सेटिंग खाली आणता येणारा ब्रेकर घ्या. बॉडीला फेज लागण्याच्या फॉल्टसाठी अर्थ लीकेज मॉड्यूल (जमिनीकडे गळणारा करंट ओळखून तोडणारं) हवंच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या (सीईए) २०२३ च्या सुरक्षा नियमांतही अर्थ लीकेज संरक्षणाची तरतूद आहे, आणि विद्युत निरीक्षक ते विचारतात.

याच्या उलट टोकाचा धोका पॅनेलच्या आतच असतो. कंट्रोल सप्लायसाठी बसबारवरून अडीच स्क्वेअर एमएमची वायर सरळ काढतात. तांब्याची पीव्हीसी अडीचची वायर सुमारे ८२ हजार अँपिअर वर्ग सेकंद एवढीच ऊर्जा सोसते. तुमच्या पॅनेलवरचे १०.५ केए १० मिलिसेकंद वाहिले तर ती ११ लाखांवर जाते. एमसीसीबी करंट थोडा लिमिट करेल, पण अडीचची वायर वाचेल इतका नाही. टॅपिंगच्या अगदी जवळ एचआरसी (मोठा फॉल्ट तोडू शकणारा) फ्यूज लावा आणि त्याच्या अलीकडची वायर वीतभरच ठेवा.

थ्री पोल की फोर पोल? तुमच्याकडे डीजी (डिझेल जनरेटर) आहे, त्यामुळे जिथे सप्लाय बदलतो तिथे फोर पोल, म्हणजे दोन सोर्सचे न्यूट्रल एकमेकांत मिसळत नाहीत. मोटरच्या फिडरला थ्री पोल. एलईडी दिवे आणि कॉम्प्युटर भरपूर असलेल्या फिडरला न्यूट्रलचं प्रोटेक्शन पूर्ण ठेवा, अर्धं नाही, कारण तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट) न्यूट्रलमध्ये साचते. छतावर सोलर असेल तर त्याचा फिडर दोन्ही बाजूंनी जिवंत असतो, तिथे लाइन-लोडची खूण नसलेला ब्रेकर निवडा.

पॅनेल बांधताना दार लावण्याआधी टर्मिनल स्वतः बघा. २४० चा लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) फ्रेमच्या टर्मिनलवर नीट बसत नाही म्हणून त्याच्या कडा ग्राइंडरने घासलेल्या मी अनेक पॅनेलमध्ये पाहिल्या आहेत. स्प्रेडर टर्मिनल घ्या, फेज बॅरियर लावा, अ‍ॅल्युमिनियमच्या लगाला तांब्याच्या पट्टीशी थेट भिडवू नका, बायमेटल लग वापरा. बोल्ट टॉर्क रेंचने उत्पादकाने दिलेल्या आकड्याला आवळा आणि वर मार्करने रेघ ओढा. ब्रेकरच्या वरच्या तोंडातून फॉल्टच्या वेळी गरम वायू बाहेर येतो, तिथली मोकळी जागा कॅटलॉगमध्ये दिलेली असते. पॅनेल लहान करण्याच्या नादात तीच आधी खाल्ली जाते.

मेकबद्दल विचारलंत. नावाजलेल्यांपैकी कोणताही घ्या, पण वर-खाली एकच. डीलर अजूनही ‘एल अँड टी’ म्हणतो तो माल आता लॉरिट्झ नुडसेन नावाने येतो, तो व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला. त्यामुळे जुन्या पॅनेलच्या अ‍ॅक्सेसरीज नव्या ब्रेकरला बसतील असं गृहीत धरू नका. ऑर्डरमध्ये नुसतं ‘४०० ए एमसीसीबी’ लिहू नका. फ्रेम, पोल, ४१५ व्होल्टला आयसीयू, आयसीएस १०० टक्के, ट्रिपचा प्रकार, सेटिंगची रेंज, स्प्रेडर, रोटरी हँडल, ट्रिप अलार्म कॉन्टॅक्ट, सगळं लिहा. आणि ट्रिपचे डायल कारखान्यातून जसे येतात तसेच ठेवून पॅनेल चालू करू नका. ठरलेली सेटिंग छापून दाराच्या आत चिकटवा.

राहिला तुमचा जुना, स्टोअरमध्ये पडलेला २५० चा एमसीसीबी. त्याने मोठा शॉर्ट सर्किट तोडला होता का हे कुणाला आठवत नसेल तर तो आउटगोइंगला वापरू नका. माहीत असेल आणि इतिहास स्वच्छ असेल तर मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) पोलांमध्ये आणि ब्रेकर उघडा असताना वर-खाली इन्सुलेशन तपासा. मग तिन्ही पोलांमधून सारखा करंट सोडून मिलिव्होल्ट ड्रॉप मोजा. एका पोलचा ड्रॉप बाकी दोघांपेक्षा ठळक जास्त आला तर त्याचे कॉन्टॅक्ट गेलेत, भंगारात द्या. तिन्ही सारखे आले तर प्रायमरी इंजेक्शनने (ब्रेकरमधून प्रत्यक्ष मोठा करंट सोडून) ट्रिप तपासून स्पेअर म्हणून ठेवा.